आमची वाटचाल : नऊ बाइट, बारा बाइट आणि बटाटे

इंदूरच्या सांवेर रोडवर आमचं वर्कशॉप आहे. माळव्यात बटाटा मायंदाळ, त्यामुळे कोल्ड स्टोरेजही भरपूर. त्यांच्यासाठी आम्ही तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रं बनवतो. सुरुवात घरातल्याच एका खोलीत झाली, मी आणि धाकटा भाऊ. बाकी भांडवल, कर्ज, जागेची शोधाशोध हे सगळ्यांचं असतं तसंच.

पहिल्या यंत्रात एटीमेगा 328 हा आठ बिटचा चिप होता, रॅम जेमतेम 2 केबी. नोंदी ठेवायला 24सी256 ही ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी नोंदी जपणारी चिप, 32,768 बाइटची. दर दहा मिनिटांनी एक नोंद, दिवसाला 144. तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता आणि दार उघडं की बंद हे अक्षरांत लिहिलं तर एका ओळीला 34 बाइट लागायचे. आठवडा भरायच्या आत चिप भरायची. तेच बायनरीत, म्हणजे अक्षरांऐवजी थेट संख्या ठेवून, वेळेला 4, तापमान आणि आर्द्रतेला दोन-दोन, दाराला 1, असे 9 बाइट. पंचवीस दिवस निघायचे. धाकटा स्कूटरवरून गावोगावी डेटा उतरवायला जायचा, त्यामुळे हा निर्णय पेट्रोलनंच घेतला म्हणा ना.

काही वर्षं छान गेली. मग आम्ही 32 बिटचा चिप घेतला, जुना प्रोग्राम त्यावर चढवला आणि पहिलं यंत्र बसवून आलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या मुनीमजींचा फोन : "भिया, आलू उबल गए क्या?" कॉम्प्युटरवर कुठे 215 अंश, कुठे उणे 180. सेन्सर बदलला, वायर बदलली, तरी तेच. शेवटी रात्री फाइल हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट वेगळा दिसेल अशी, उघडून पेन्सिलीनं खुणा करत बसलो. दाराचा बाइट दर नऊ घरांनी यायला हवा होता, तो येत होता बारा घरांनी. आधी दाराचा एक बाइट आणि मग वेळेचे चार, असा आमचा क्रम. नव्या चिपचा कंपायलर, म्हणजे आमचा प्रोग्राम चिपच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, ते चार बाइट चारच्या पटीतल्या जागेवर बसवायला मध्ये तीन रिकामे बाइट घालत होतं. आठ बिटच्या चिपवर ही भानगडच नव्हती. आम्ही आख्खं स्ट्रक्ट, म्हणजे एका नोंदीचा सगळा गठ्ठा, जसंच्या तसं फाइलमध्ये ओतत होतो, आणि वाचणारा प्रोग्राम बिचारा नऊ-नऊच मोजत होता. डेटा शाबूत होता, वाचता मात्र कुणालाच येत नव्हता.

तिरमिरीत ठरवलं, आता सगळं मजकुरात. एसडी कार्ड आलंच होतं. वर्षाचे 18 लाख बाइटसुद्धा होत नाहीत, त्या कार्डाला ते किस झाड की पत्ती! मुनीमजी स्वतः एक्सेलमध्ये फाइल उघडू लागले. वीज गेली आणि एखादी ओळ अर्धवट राहिली तरी पुढची ओळ नीट सुरू व्हायची.

आणि मग त्यांनीच आम्हाला पकडलं. भिंतीवरचा थर्मामीटर 4 दाखवतोय आणि फाइलमध्ये 4.5. आम्ही दोनदा जाऊन सांगून आलो की थर्मामीटर जुना आहे. चूक आमची होती. दशांश छापणं त्या छोट्या चिपला जड जायचं म्हणून तापमान शंभरपट करून ठेवलेली 405 ही संख्या आम्ही शंभरानं भागून 4 आणि बाकी 5 अशी वेगवेगळी छापत होतो. मधलं शून्य गळायचं. 4.05 चे 4.5! बायनरीतली चूक निदान बोंब मारत आली होती, ही मात्र सभ्य कपडे घालून महिनोन्महिने बसली होती. मुनीमजींची माफी मागितली, सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन गराडू, म्हणजे तळलेले कंद, खाऊ घातले.

आज चिपच्या आत 16 बाइटची नोंद असते, रिकाम्या जागा आम्हीच ठरवलेल्या, शेवटी सीआरसी, म्हणजे नोंद बिघडली तर कळावं म्हणून पडताळणीचा आकडा. कार्डाच्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एका कप्प्यात, अशा बरोब्बर 32 बसतात, नोंद मध्येच तुटत नाही. गिऱ्हाईकाच्या हातात जाते ती साधी मजकुराची फाइल, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आणि एककं.

जुन्या नऊ बाइटवाल्या फाइली वाचणारा प्रोग्राम फक्त एका जुनाट लॅपटॉपवर चालतो. तो कपाटात ठेवलाय. कपाटाच्या दाराला आतून वहीचं एक पान चिकटवलंय, धाकट्याच्या अक्षरात : '0 दार, 1 ते 4 वेळ, 5-6 तापमान, 7-8 आर्द्रता. दादा, हे फाडू नकोस.'