रात्री ११.२० चं ऊन

कॅमेरा ट्रॅप म्हणजे काही हललं की आपोआप फोटो काढणारा जंगलातला कॅमेरा. त्याच्या कार्डात वाघ कमी आणि रिकामं जंगल जास्त असतं. उन्हात तापलेली बांबूची फांदी हलली की फोटो, गुरं गेली की फोटो, वानरांनी कॅमेऱ्याशी खेळ केला की पन्नास फोटो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरातल्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले, त्यात वाघांचे होते ७६,६५१. बाकी सगळं कुणीतरी बसून बाजूला केलंच ना. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वनपरिक्षेत्रात ते बसून करायचं काम माझ्याकडे आहे.

हाताने करायचं म्हटलं तर एका कार्डात आठवडा जाईल. त्यात प्रत्येक कॅमेरा आपले आकडे पहिल्यापासून सुरू करतो, म्हणजे नाल्यावरच्या आणि तळ्यावरच्या कॅमेऱ्यांत एकाच नावाच्या फाइली असतात. एका फोल्डरमध्ये टाकल्या की एकीवर दुसरी बसते. म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली आहे. ती एक्झिफटूल नावाचं साधन वापरून फोटोच्या आत नोंदलेली वेळ वाचते आणि कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ असं नवं नाव देते. एकाच सेकंदाला तीन फोटो निघाले असतील तर पुढे आकडा लावते. मग इमेजमॅजिक हा दुसरा प्रोग्राम फोटो लहान करतो, अंधारे फोटो उजळतो आणि वेळेप्रमाणे फोटोंचा तक्ता मांडतो. फ्लॅशमध्ये जवळून आलेला वाघ मात्र उजळायचा नाही, पट्टे पांढरे पडून पुसले जातात. कोणता वाघ हे पट्ट्यांवरूनच ओळखतात, आणि पट्टे गेले तर तो फोटो ठेवून उपयोग काय? दुसरी गोष्ट म्हणजे हे सगळं प्रतींवर चालतं. इमेजमॅजिकची मोग्रिफाय ही आज्ञा वेगळी जागा सांगितली नाही तर मूळ फाइलवरच लिहिते. मूळ कार्ड हा पुरावा आहे, त्याला हात लागता कामा नये.

एप्रिलमधली गोष्ट. मोहाचा हंगाम. पहाटे अंधारात बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, कारण फुलं पहाटेच गळतात आणि उशीर केला तर गुरं खाऊन टाकतात. वाकून वेचत असलेल्या एका बाईवर वाघाने झडप घातली. साडेसहाच्या सुमारास सोबतच्या बायांना ती सापडली. दुपारपर्यंत आमच्या ऑफिससमोर अख्खं गाव जमलं होतं. त्यांचा राग रास्तच होता. मोहफुलं आणि तेंदूपत्ता यावर त्या घरांचं वर्षाचं मीठमिरची चालतं, जंगलात जाऊ नका असं सांगणं सोपं आहे.

वाघ पकडायचा तर आधी कोणता, हे ठरवावं लागतं. त्या भागात बछड्यांची एक वाघीण होती आणि दोनेक नर ये-जा करत. चुकीचा वाघ उचलला तर खरा तिथेच राहतो. आणि वाघीण उचलली तर शिकार करता न येणारे बछडे मरतात. लाळेचे नमुने डीएनएला गेले होते, पण त्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत थोडीच येतो! आमच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, "चार वाजलेत. सहापर्यंत मला तक्ता पाहिजे."

गार्डभाऊंनी आणलेली कार्डं मी लावली, स्क्रिप्ट चालवली. तक्त्यात एक ओळ सगळ्यांना दिसली: नाल्यावरचा कॅमेरा, त्याच दिवशी सकाळी ६.०५, वाघीण आणि मागे दोन बछडे. जागा घटनेपासून हाकेच्या अंतरावर.

"हेच होय. हेच आहे ते," मागून कुणीतरी म्हणालं. मॅडमनी फोन हातात घेतला.

मी तक्ता शेवटपर्यंत खाली नेला, ती माझी सवय आहे. शेवटचा फोटो नाल्यावरच्याच कॅमेऱ्याचा होता. कार्ड काढायला वाकलेले आमचे गार्डभाऊ, कपाळावर घाम, मागे कडक ऊन. खालच्या पट्टीत वेळ होती त्याच दिवसाची, रात्री ११.२०. ती रात्र अजून व्हायची होती.

"भाऊ, तुम्ही कार्ड किती वाजता काढलं?"

"साडेअकराच्या आत. काऊन?"

मॅडमना म्हटलं, जरा थांबा. बॅटरी बदलताना घड्याळाचं एएम-पीएम उलटं लागलं असावं. तसं असेल तर वाघिणीचा फोटो सकाळचा नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी ६.०५ चा आहे. पण "असावं" यावर काही ठरवता येत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोन्ही वेळा ऊन तिरपंच असतं. फोटो मोठा केला. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला आहे, म्हणजे उजवा हात पूर्वेकडे. वाघिणीची लांब सावली उजवीकडे पडली होती. सूर्य पश्चिमेला होता.

शिवाय वाटेच्या पलीकडे जोडीचा कॅमेरा असतो, वाघाच्या दोन्ही बाजू मिळाव्यात म्हणून. त्याची बॅटरी चार-पाच दिवसांआधी संपली होती, पण त्याआधीचे फोटो होते. एक रानगवा दोन्ही कॅमेऱ्यांत सापडला, कानाची तीच फाटकी कड. एकात रात्री पावणेदोन, दुसऱ्यात दुपारी पावणेदोन, आणि दोन्ही फोटोंत मिट्ट काळोख. फरक बारा तासांचा. कार्ड घातलं तेव्हाच्या पहिल्या फोटोतही तोच फरक होता, म्हणजे अख्खं कार्डच पुढे होतं.

एक्झिफटूलला बारा तास वजा करायला सांगितलं की तारीखही आपोआप मागे जाते. ते फक्त त्या एका कॅमेऱ्याच्या फोल्डरवर चालवलं. सगळ्यांवर चाललं असतं तर बरोबर असलेली कार्डंही बिघडली असती. फोटोवर छापलेली पट्टी बदलत नाही आणि बदलूही नये, म्हणून तक्त्यात छापील वेळ आणि दुरुस्त वेळ शेजारी-शेजारी ठेवल्या.

नवा तक्ता निघाला तेव्हा त्या सकाळच्या रांगेत पांदणीवरचा कॅमेरा वर आला. ५.४० ला एक तरुण नर, गावाकडून त्याच बाजूला जाणारा. फक्त उजवी बाजू दिसत होती आणि आमच्या नोंदीत त्या भागातल्या एका नराची डावीच होती. प्राथमिक प्रतिसाद दलातला एक पोरगा म्हणाला, "भाऊ, फोटो उलटा करून लावून पाहा ना." ते करायचं नसतं. वाघाचे डावे-उजवे पट्टे वेगवेगळे असतात, आरशासारखा फोटो फिरवला तर जगात नसलेला वाघ तयार होतो. जोडीच्या कॅमेऱ्यातून डावी बाजू काढली, खांद्यावरचा दुहेरी पट्टा जुळला. घटनास्थळी मिळालेले पंजांचे ठसेही मोठे, चौकोनी, नराचे होते. मॅडमनी तक्ता वर पाठवला, पुढचं समितीचं काम. वाघिणीचं नाव त्या कागदावर संशयित म्हणून गेलं नाही.

त्याच कॅमेऱ्यात ५.१० ला चार बाया होत्या, बॅटरीच्या उजेडात, डोक्यावर टोपल्या. त्यातली एक ती. बाहेर उभ्या एकाने हळूच विचारलं, तो फोटो मिळेल का. मी नाही म्हटलं. पंचनाम्यासाठी फोटोतली वेळ हवी होती, ती मॅडमनी लिहून दिली. गावकऱ्यांचे फोटो स्क्रिप्टमधून कुठेच जात नाहीत. मी ते आधीच हाताने वेगळ्या फोल्डरमध्ये काढतो आणि ते त्या ऑफिसाबाहेर जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. पोटासाठी जंगलात गेलेल्या बाईचा शेवटचा फोटो मोबाइलवर फिरावा, हे मला सहन होणार नाही.

आता कार्ड घालताना आणि काढताना गार्डभाऊ मोबाइलचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरतात. स्क्रिप्टमध्येही मी दोन अटी टाकल्या आहेत: फोटोची वेळ कॉम्प्युटरच्या आताच्या वेळेपुढची असेल, किंवा वेळ भरदुपारची आणि फोटो काळा असेल, तर ते कार्ड तक्त्यात जात नाही, लाल यादीत पडतं. मागच्या महिन्यात तळ्यावरचं एक कार्ड त्या यादीत आलं. त्याचं वर्षच चुकलं होतं.