हेर व्हायचं नव्हतं त्यांना

हेरकथांमधला पट्टीचा हेर मला कधी फारसा भावला नाही. पिस्तूल, गाडी, चार भाषा, सगळं त्याच्यापाशी तयार. घरभाड्याची चिंता तेवढी नसते. माझा जीव गुंततो तो 'अहो, मी त्यातला नाही' म्हणत अलगद अडकणाऱ्या माणसात.

एरिक अँब्लरच्या १९३८ सालच्या 'एपिटाफ फॉर अ स्पाय'मधला वदासी घ्या. पॅरिसमध्ये भाषा शिकवून पोट भरणारा हा माणूस सुट्टीसाठी दक्षिण फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या हॉटेलात उतरलेला. महागडा कॅमेरा ही त्याची एकमेव चैन. सरड्यांचे फोटो काढतो, रोल धुवायला औषधाच्या दुकानात टाकतो, आणायला जातो तर समोर पोलीस! रोलमध्ये सरड्यांच्या जोडीला तुलाँच्या नाविक तळाची तटबंदी. कॅमेऱ्यांची अदलाबदल झालेली असते, हे पोलिसांनाही उमगतं. पण कुठलाच देश ज्याला धड आपला म्हणत नाही, असा माणूस त्यांना आयताच मिळालेला. मग काय, पाहुण्यांतला खरा हेर शोध, नाहीतर देशाबाहेर हो. आणि एवढ्या गदारोळात गड्याला घोर कसला, तर सोमवारी कामावर हजर व्हायचंय, नाहीतर नोकरी जाईल. माझ्या मते त्या कादंबरीतली खरी भीती हीच. गोळीपेक्षा कागदपत्रं नसण्याची.

हिचकॉकच्या १९५९ सालच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' या सिनेमात तर जाहिरातवाला थॉर्नहिल आईला तार करायची म्हणून हॉटेलच्या पोऱ्याला हात करतो, आणि तेवढ्यावरून त्याला भलताच कुणी समजून पळवून नेतात.

जॉन बकनच्या 'द थर्टी-नाइन स्टेप्स'मधला हॅने (पुस्तक १९१५चं) तसा अगदीच सामान्य नाही, आफ्रिकेत खाणीच्या धंद्यात पैसा केलेला. तरी त्याचा एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. स्कॉटलंडच्या माळावर शत्रू मागावर असताना त्याला रस्ता दुरुस्त करणारा मजूर भेटतो. आदल्या रात्री लेकीचं लग्न झालेलं, म्हातारा डोकं धरून बसलेला. हॅने त्याला घरी धाडतो आणि स्वतः खडी फोडत बसतो. अंगावर धूळ, तोंडी गावरान बोली, सगळं चोख. पण मोटारीतून आलेल्या तिघांपैकी एकाची नजर जाते बुटांवर. हे काही खेड्यातल्या चांभाराचं काम नव्हे! हॅने शांतपणे सांगतो, शिकारीला आलेल्या साहेबाने दिले.

ग्रॅहम ग्रीनच्या 'अवर मॅन इन हवाना' कादंबरीतल्या वर्मोल्डला मात्र असलं धाडस जमणारं नाही. क्युबातल्या हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा हा बाप, लेकीच्या घोड्यापायी पैशाला हपापलेला. म्हणून हेरगिरी पत्करतो आणि क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं गुप्त शस्त्रं म्हणून लंडनला पाठवतो. साहेब लोक ती गंभीरपणे न्याहाळतात. ग्रीन स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात काम केलेला, त्यामुळे ही थट्टा घरचीच. पुढे वर्मोल्डने नुसत्या कागदावर उभे केलेले हस्तक शत्रूला खरे वाटतात आणि खरीखुरी माणसं मरू लागतात, तिथे आपलं हसू आटतं.