पाळीच्या कळा आणि गर्भनिरोधक गोळी : माझा अनुभव

माझ्या कळा ओटीपोटात सुरू व्हायच्या आणि कंबरेतून मांड्यांपर्यंत उतरायच्या. सोबत मळमळ, जुलाब, कधी उलटी. रक्तस्राव सुरू झाला की पहिला दिवस पूर्ण वाया. मेफेनॅमिक अ‍ॅसिड या वेदनाशामकाची गोळी आधी लागू पडायची, पुढे तीही पुरेना. मग डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी लगेच औषध लिहिलं नाही. पाळी नसतानाही पोट दुखतं का? शौचाच्या वेळी, संबंधांच्या वेळी दुखतं का? त्रास वर्षागणिक वाढतोय का? हे सगळं एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका आहे का, हे पाहण्यासाठी होतं. सोनोग्राफी नॉर्मल आली, पण तेवढ्यावरून तो आजार नाहीच असं म्हणता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझं दुखणं मात्र पाळीशीच बांधलेलं होतं, कधीपासूनचं तसंच. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच.

आई म्हणाली, ‘‘अगं, त्या गोळ्या तुला कशाला?’’ तिची काळजी खरी होती: पुढे मूल होण्यात अडचण आली तर? डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं की गोळी बंद केल्यावर बीज सुटणं साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत होतं. मला स्वतःला धीर दिला तो एका जुन्या माहितीने. अमेरिकेत एनोविड या गोळीला 1957 साली पहिली मान्यता मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधनासाठीची मान्यता 1960 ची. तेव्हा ‘पोटदुखीला असली गोळी’ यात विचित्र काहीच नाही.

गोळी कळांवर काम कशी करते, हे कळल्यावर मला वेदनाशामकाचा हिशेबही उमगला. पाळी येण्याआधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू इतका आवळतो की त्याचाच रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो, आणि कळ येते. हीच द्रव्यं रक्तात उतरली की जुलाब, मळमळ. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन वगैरे औषधं ती द्रव्यं बनू देत नाहीत, म्हणून कळ पुरती चढण्याआधी घेतली तर जास्त उपयोगी. हार्मोनची गोळी त्याच्याही अलीकडे काम करते: बीज सुटत नाही, अस्तर पातळच राहतं. अस्तरच कमी, तर त्यातून निघणारी द्रव्यंही कमी.

सुरू करण्यापूर्वी ब्लड प्रेशर मोजलं. धूम्रपान? घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती? अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा दिसतात का? शेवटचा प्रश्न मला जरा अगम्य वाटला होता. पण तशी अर्धशिशी असेल तर गोळीतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या जात नाहीत. माझ्या मैत्रिणीला नेमकं हेच होतं. तिला लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं. त्यात इस्ट्रोजेन नसतं आणि त्यानेही अस्तर पातळ होतं. (तांब्याची कॉपर-टी वेगळी. तिने कळा आणि रक्तस्राव उलट वाढू शकतात. दोन्ही ‘गर्भाशयातलं साधन’ म्हणून एकाच पिशवीत घालू नका.)

माझं पाकीट 21 गोळ्या आणि 7 दिवस सुट्टी असं होतं. पहिल्या पाकिटात मळमळ झाली, छाती हुळहुळली, मध्येच कपड्यांवर डाग. ‘तीन महिने तरी थांब’ असं सांगितलं नसतं, तर मी सोडूनच दिली असती. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले तशी मळमळ ओसरली. कळा एकदम गेल्या नाहीत. आधी उलट्या थांबल्या, मग मांड्यांतलं दुखणं. रक्तस्रावही निम्म्याहून कमी वाटायला लागला.

सुट्टीच्या दिवसांतला रक्तस्राव ही खरी पाळी नसते. हार्मोन काढून घेतल्यामुळे पातळ अस्तर गळतं, इतकंच. पण माझं उरलंसुरलं दुखणं त्याच दिवसांत यायचं. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता मी सुट्टी न घेता पाकिटं सलग लावते. ‘रक्त आत साचत असेल’ ही आईची शंका होती, पण अस्तर वाढतच नाही तर साचणार काय? मधूनमधून डाग पडतात, ते मला चालतात.

पायात एका बाजूला सूज किंवा दुखणं, छातीत दुखणं, अचानक धाप लागणं असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा, ही ताकीद मला मिळाली आहे. ब्लड प्रेशर अधूनमधून तपासते. गोळी बंद केली तर कळा परत येऊ शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. मूल हवं असेल तेव्हा कुठली वेदनाशामकं चालतील, हा प्रश्न मी पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवला आहे.