चौकशीच्या खिडकीपाशी

एसटीच्या तिकिटांचा हिशोब आमच्या घरी मजेशीर आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या नानांना तिकीट फुकट, आईला आणि बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं, लेकरं पाच ते बारा वयातली म्हणून त्यांनाही अर्धंच. अख्खं तिकीट काढणारा मी एकटा. पण म्हणून प्रवासातली सगळी कामंही मीच करायची, हे काही मला पटत नाही. अर्ध्या तिकिटाच्या माणसाला निदान अर्धं काम तरी असावं.

आपण लेकरांना फिरायला नेतो म्हणजे काय, तर पोत्यासारखं एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतो. ‘हात सोडू नको’, ‘गप बस’, ‘थांब, मी विचारतो’. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक.

परभणीच्या बसस्थानकावर मी लेकीला चौकशीच्या खिडकीकडं धाडतो. ती टाचा उंचावून विचारते, “काका, परळीची गाडी कधी लागंल?” आतला माणूस उत्तर देतो, पण तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत. प्रश्न लेकराचा आणि उत्तर बापाला, ही मोठ्या माणसांची जुनीच खोड. मग मी उगंच वेळापत्रकाच्या पाटीकडं तोंड फिरवतो. आता त्याला तिच्याशीच बोलावं लागतं. “गंगाखेडवरून जाणारी ना, बाळा?” असा उलटा प्रश्न येतो, आणि परळीच्या वाटेवर गंगाखेड लागतं हे तिला भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळतं.

आईला हे अजिबात आवडत नाही. “लेकराला कशाला पुढं करायलास रे? तुला तोंड न्हाई का?” आईची समजूत काढता येते, घड्याळाची काढता येत नाही. लेकरू विचारणार, अर्धं विसरणार, पुन्हा जाऊन विचारणार, बसची पाटी अक्षर लावून वाचणार. तेवढ्यात एखादी गाडी निघूनही जाते. जाऊ द्यावी. शेवटची सोडून कुठलीही गाडी हुकली तरी चालते, असं धरूनच घरातून निघावं.

रेल्वेत मुलाचं खातं वेगळं. त्याला कुणाशी बोलायला लाज वाटते, पण आकडे दिले की खुलतो. स्लीपरच्या डब्यात बर्थचा नंबर आठानं भागायचा. बाकी एक किंवा चार आली तर खालचा, दोन किंवा पाच आली तर मधला, तीन किंवा सहा आली तर वरचा, सात म्हणजे बाजूचा खालचा आणि बाकी शून्य म्हणजे बाजूचा वरचा. त्रेचाळीस? पाच आठे चाळीस, बाकी तीन, वरचा! आता तो डब्यातल्या अनोळखी आजींनाही त्यांची जागा दाखवून देतो. लाजरं पोर बोलतं कसं करायचं, याचा इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही.

वेरूळ-अजिंठ्याचा बेत तर पूर्णपणे लेकरांवर सोडावा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. एवढं सांगायचं आणि वार त्यांनाच लावू द्यायचे. वेरूळला चौतीस लेणी; सोळावं कैलास बघून सगळे दमतात आणि तिसाव्यापासूनची जैन लेणी राहून जातात. आधी कुठं जायचं हा वाद त्यांनी आपसात घालावा. वाद घातलेलं ठिकाण लक्षात राहतं.

पाठीवरची पिशवी ज्याची त्यानं उचलायची. पाण्याची बाटली, टोपी, एक जोडी कपडे. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मात्र बायको अजून कुणाच्या हाती देत नाही, आणि तेच बरं आहे.

भीती मलाही वाटतेच. तुळजापूरला मंगळवारच्या गर्दीत हात सुटायला किती वेळ लागतो! म्हणून पायऱ्या उतरण्याआधी चुकामुकीची जागा ठरवायची, आणि ती लेकरांनी ठरवायची. लेकीनं एक कुंकवाचं दुकान निवडलं, मुलानं रसवंती. रसवंती मंजूर झाली, कारण तिथली घुंगरं लांबूनही ऐकू येतात. आपला फोन नंबर तोंडपाठ, लहान मुलांच्या मदतीचा १०९८ तोंडपाठ. हरवलो असं वाटलं तर धावत सुटायचं नाही, पोलिसाला नाहीतर लेकरं सोबत असलेल्या बाईला सांगायचं.

स्वतःची चारचाकी काढली की यातलं निम्मं बंद पडतं. काचा वर, एसी चालू, मागच्या सीटवर मोबाइल. समृद्धी महामार्गावर तर वाट विचारायला माणूसच दिसत नाही. मग मी मैलाचे दगड ओळखायला लावतो: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्याचा राज्य महामार्ग. पण दगड उलटा प्रश्न विचारत नाही.

सध्या घरात नळदुर्गचं चाललंय. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, ते लेकीला बघायचेत. तुळजापूरहून गाडी किती वाजता, हे मी विचारून ठेवू का म्हटलं, तर म्हणाली, “तुम्ही नका विचारू बाबा. तुम्ही नुसतं हो-हो करून परत येता.”