मयत सभासदाचं मत

ऑक्टोबरात आमच्या ऑफिसात कुणी आलं तर चहा नक्की मिळतो, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. सप्टेंबरअखेर कंपन्यांच्या वार्षिक सभा उरकतात आणि मग इतिवृत्तं, ताळेबंद, फॉर्म यांचे गठ्ठे लातूरच्या औसा रोडवरच्या माझ्या दोन खोल्यांत येऊन पडतात. मी कंपनी सेक्रेटरी. माझे निम्मे क्लायंट म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा-तेरणेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. त्यामुळे संचालकांना सहीला बोलावलं की उत्तर यायचं, ‘मॅडम, आधी पंचनामा तर होऊ द्या.’ मीही फार ताणून धरत नव्हते.

भाऊबीज होऊन चारेक दिवस झाले असतील. दुपारी गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला त्यांनी मला शिकवलंय. आता वय ऐंशीच्या घरात, पण टोपी आणि खिशातला पेन तसाच. सोबत नातू, पुण्यात नोकरीला, दिवाळीला आलेला.

‘‘पोरी, तू मतदानाची कामं करतीस म्हणं.’’

‘‘कंपन्यांच्या मतदानाची, गुरुजी.’’

‘‘तेच की. मला एक मत टाकायचंय. विरोधात.’’

‘‘कुठल्या कंपनीत?’’

‘‘टेस्ला.’’

माझ्याकडे काम करणारी मुलगी टायपिंग थांबवून बघायलाच लागली.

झालं होतं असं. दसऱ्याला गुरुजींनी नातवाला पंचवीस हजार रुपये दिले होते, ‘माझ्या नावानं कुठंतरी घाल’ म्हणून. नातवाने त्या पैशांत एका परदेशी एक्स्चेंजवरून टेस्लाच्या शेअरचं टोकन घेतलं, म्हणजे शेअरच्या भावाशी बांधलेली डिजिटल नोंद. पूर्ण एक शेअरसुद्धा नव्हे, तुकडाच. मग दिवाळीत गुरुजींनी पेपरात वाचलं की इलॉन मस्क यांना दहा वर्षांत जवळजवळ १ लाख कोटी डॉलरपर्यंत मोबदला देण्याचा ठराव ६ नोव्हेंबरच्या सभेपुढे येणार आहे. आयएसएस आणि ग्लास लुईस या मोठ्या सल्लागार संस्थांनीही भागधारकांना विरोधात मत द्या म्हणून सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, मीपण भागधारक आहे. नातू म्हणाला, बरोबर आहे आजोबा, ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या, पुसता न येणाऱ्या डिजिटल वहीत, सगळं नोंदलेलंय. आणि दोघे माझ्याकडे.

गुरुजी चुकीच्या दारात आले होते असंही नाही. ई-व्होटिंगची छाननी हे माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम. छत्रपती संभाजीनगरच्या एका लिस्टेड कंपनीसाठी मी ते केलंय. सभा संपल्यावर, कंपनीच्या नोकरीत नसलेल्या दोन साक्षीदारांसमोर मतं खुली करायची. स्क्रीनवर आकडे येईपर्यंतचे ते चार-पाच सेकंद. तोपर्यंत चेअरमनलासुद्धा काही कळलेलं नसतं.

नातवाचा मोबाईल घेतला. ‘‘हे टोकन तुझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये आहे का एक्स्चेंजवर?’’

‘‘एक्स्चेंजवरच आहे ताई. हलवायला फी लागते.’’

‘‘मग ब्लॉकचेनवर एक्स्चेंजचं वॉलेट दिसतंय. हजारो लोकांची टोकनं एकाच पोत्यात. तुझं नाव तर सोडच, साखळीला तुझा पत्तासुद्धा माहीत नाही.’’

पोरगं हुशार. म्हणालं, ‘‘आत्ता पाच मिनिटांत स्वतःच्या वॉलेटला घेतो. मग तर झालं?’’

मी टोकन काढणाऱ्या कंपनीच्या अटी उघडल्या. युरोपातली कंपनी, अटी पन्नासेक पानांच्या. असले कागद वाचायची एक रीत आहे. सुरुवात सोडायची आणि ‘हक्क’ हा शब्द शोधत जायचं. सापडला. टोकनधारकाला शेअरच्या भावाइतकी किंमत मिळेल, लाभांशाचा हिशेब टोकनात वाढवून दिला जाईल, मतदानाचा हक्क नाही. एका ओळीत, काहीही न लपवता. खरा शेअर वर तिजोरीत, कंपनीने नेमलेल्या कस्टोडियनकडे. खाली उतरते ती फक्त किंमत.

हे एकाच कंपनीचं आहे असंही नाही. ३० जून २०२५ ला रॉबिनहूड या अमेरिकी ब्रोकर कंपनीने युरोपातल्या ग्राहकांसाठी शेअरची टोकनं सुरू केली, त्यात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या नावाचीही टोकनं वाटली. ओपनएआयने दोनच दिवसांत जाहीर करून टाकलं की ही टोकनं म्हणजे आमचं भागभांडवल नव्हे. म्हणजे ज्या कंपनीचं नाव टोकनावर, तिलाच तुम्ही माहीत नाही.

हे सगळं गुरुजींना कसं सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होते. पण ते स्वतःच म्हणाले, ‘‘हे तर आमच्या वडिलांच्या शेअरवानी झालं की.’’

मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी लॅपटॉप मिटला.

त्यांचे वडील एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद. कारखान्याचं नाव इथं नको. वडील वारले. ऊस गुरुजीच घालायचे, दिवाळीची सभासदाची साखर वडिलांच्या नावावर यायची आणि पिशवी घेऊन गुरुजीच उचलायचे. कुणी हरकत घेतली नाही. पण वारस नोंदीचा अर्ज दिला तर तो अकरा वर्षं टेबलावर. कधी ठराव नाही, कधी कोरम नाही, कधी दाखल्याची झेरॉक्स पुसट. साखर मिळते ना, मग मत कशाला पाहिजे, असं एका संचालकाने तोंडावर विचारलं होतं. सहकारात सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच. ते एकच होतं म्हणून तर गुरुजींना हवं होतं.

‘‘आणि पंचवार्षिकला मी सहज यादी बघायला गेलो,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘तर वडिलांच्या नावापुढं सही! मतदान झालेलं! वारून नऊ वर्षं झालती माणसाला.’’

नातू हसला. गुरुजी हसले नाहीत.

‘‘मला येवढंच सांग. माझ्या पैशानं घेतलेला तो शेअर वर कुणाच्या तरी नावावर हाय. साखर मला मिळालीय. मत कुणाच्या हातात गेलं?’’

वीस वर्षांच्या कामात इतका नेमका प्रश्न मला एखाद्याच संचालकाने विचारला असेल.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने सोडवून टाकलाय, त्याचं आपल्याला कौतुक नाही एवढंच. डिमॅटमधल्या शेअरचा नोंदणीकृत मालक कागदोपत्री डिपॉझिटरी, म्हणजे शेअरच्या डिजिटल नोंदी सांभाळणारी संस्था, असते. पण १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याचं कलम १० सांगतं की डिपॉझिटरीला मताचा अधिकार नाही. मत, लाभांश, सगळं लाभार्थी मालकाचं, म्हणजे खातेदाराचं. अमेरिकेत बहुतेक लिस्टेड शेअर सीड अँड कंपनी नावाच्या एकाच नावावर असतात. तिथून मताचा हक्क ब्रोकरकडे, ब्रोकरकडून गिऱ्हाईकाकडे असा पायऱ्या उतरत येतो. प्रत्येक पायरीवर सांडायची सोय. डेल ही संगणक कंपनी तिच्या संस्थापकाने विकत घेण्याच्या २०१३ च्या सौद्याला टी. रो प्राइस या फंड कंपनीने उघड विरोध केला होता. आणि मतयंत्रणेतल्या एका ठरावीक सेटिंगमुळे त्यांचीच मतं सौद्याच्या बाजूने पडली. विरोधात मत नाही म्हणून न्यायालयात जादा भाव मागायचा हक्कही गेला, आणि शेवटी कंपनीने आपल्या ग्राहकांना सुमारे १९ कोटी ४० लाख डॉलर स्वतःच्या खिशातून भरून दिले. डोल फूड या फळांच्या कंपनीच्या भागधारकांच्या खटल्यात तर भरपाईला पात्र शेअर होते ३ कोटी ६७ लाखांच्या आसपास आणि दावे आले ४ कोटी ९१ लाखांहून जास्त शेअरांचे. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुलले. ‘‘म्हणजे बोगस सभासद तिकडंबी हायेत!’’ बोगस नव्हे, उसन्या शेअरांचे आणि अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचे दावे होते ते. मी समजावायचा प्रयत्न केला, पण त्यांना त्यांचं उदाहरण मिळालं होतं.

याच खटल्यांचा दाखला ब्लॉकचेनवाले देतात, आणि त्यात दम आहे. डेलावेअर राज्याने २०१७ मध्येच कंपन्यांना भागधारकांचं रजिस्टर ब्लॉकचेनवर ठेवायची मुभा दिली. २०२५ च्या सप्टेंबरात गॅलॅक्सी डिजिटल या क्रिप्टो कंपनीने आपले खरे शेअरच सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवर आणले. तिथं टोकन म्हणजे शेअरची सावली नव्हे, शेअरच. सुपरस्टेट ही संस्था रजिस्ट्रार, ओळख पटवलेल्या माणसाचं वॉलेट थेट भागधारकांच्या नोंदीशी जोडलेलं. अशा टोकनाचं मतदान कसं होऊ शकतं, ते नातवाला कागदावर काढून दाखवलं. नोंदणी तारखेला, म्हणजे मतदारांची यादी पक्की होते त्या दिवशी, साखळीतल्या ठरलेल्या नोंदीवर, कुठल्या वॉलेटमध्ये किती शेअर आहेत याचा स्नॅपशॉट घ्यायचा. प्रत्येक वॉलेटने आपल्या खासगी चावीने, म्हणजे फक्त मालकाकडे असलेल्या गुप्त कोडने, सही करून ‘हो’ किंवा ‘नाही’ पाठवायचं. मोजणी कुणीही तपासावी. मधल्या पायऱ्याच नाहीत, त्यामुळे सांडणार कुठं? टोकन एखाद्या कर्जाच्या पूलमध्ये अडकवलेलं असेल किंवा एक्स्चेंजवर पडलेलं असेल, तर मात्र स्नॅपशॉटमध्ये तुम्ही नाहीच.

छाननी करणारी म्हणून माझं एक गाऱ्हाणं आहे. मतं उघड्या साखळीवर झाकल्याविना पडत गेली तर चालू मतदानात आकडे दिसतात. मोठ्या भागधारकाने कुठं टाकलं हे पाहून बाकीचे वळतात. आपल्या ई-व्होटिंगमध्ये सभा संपेपर्यंत कुलूप असतं, आणि ते कुलूप मला मोलाचं वाटतं. नातवाने लगेच सांगितलं की मत आधी गुप्त ठेवून नंतर उघडायच्या पद्धतीही आहेत. आहेत, खरंय. मी मान्य केलं.

गुरुजी कागदाकडे बघत बसले होते. त्यांनी ‘चावी’ या शब्दावर बोट ठेवलं.

‘‘ही ज्याच्याकडं, त्याचं मत?’’

‘‘हो.’’

‘‘वडिलांची चावी कारखान्यात कुणाच्या खिशात ऱ्हायली असती तर?’’

नातू म्हणाला, मग कुठल्या चावीने मत पडलं ते कायमचं दिसलं असतं आजोबा, पुसता आलं नसतं. गुरुजी म्हणाले, ‘‘सहीबी दिसतच होती की रं. सही कुणाची, ते दिसत नव्हतं.’’

यावर मला काही बोलायचं सुचलं नाही. शेतकरी कंपन्यांच्या सदस्य नोंदवह्या मी ठेवते. त्यातले किती सदस्य आज हयात आहेत, हे मला तरी कुठं माहीत आहे? त्याच आठवड्यात एका कंपनीच्या यादीत मला एकाच आडनावाचे सहा अंगठे सापडले होते. ते आठवलं आणि मी विषय बदलला.

‘‘टोकन घेतलं कधी म्हणालास?’’

‘‘दसऱ्याला. २ ऑक्टोबर.’’

मी टेस्लाची सभेची नोटीस उघडली आणि कपाळाला हात लावला. नोंदणी तारीख होती १५ सप्टेंबर, सभेच्या ५२ दिवस आधीची. आपल्याकडे ई-व्होटिंगची कट-ऑफ तारीख सभेच्या फार तर ७ दिवस आधीची असते, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टोकन सोडा, दसऱ्याला टेस्लाचा अस्सल शेअर विकत घेतला असता तरी या सभेत मत नव्हतं. तासभराचा वाद पहिल्या मिनिटात मिटला असता.

गुरुजींना याचं मात्र काहीच वाटलं नाही. ‘‘यादी बंद झालती म्हण की. मग बरोबर हाय.’’ यादी बंद होणं त्यांना न्याय्य वाटत होतं.

जाताना नातवाला सांगितलं, हे टोकन रिटर्नमध्ये कुठं दाखवायचं ते सीएला विचार, गंमत म्हणून सोडून देऊ नकोस. आणि गुरुजींना सहज विचारलं, आपल्या देशातले काही शेअर आहेत का? आहेत म्हणाले, नव्वद सालच्या पुढचे, थोरल्याने डिमॅट करून ठेवलेत.

७ नोव्हेंबरला सकाळी सातला फोन. ‘‘पोरी, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर पडली बाजूनं! नॉर्वेच्या सरकारी फंडानं विरोध केला तरी. आणि त्यात त्याची स्वतःची मतंबी मोजली म्हणं!’’ मोजली होती, मस्क यांचा तेव्हा सुमारे १५ टक्के हिस्सा होता. ‘‘स्वतःच्या पगारावर स्वतःचंच मत. हे आमच्या चेअरमनला कळू देऊ नको.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘त्या जुन्या शेअरांचं बघू. सोमवारी येतो.’’

सोमवारी आले, प्लास्टिकच्या पिशवीत स्टेटमेंट घेऊन. त्यांच्याकडच्या एका कंपनीचं टपाली मतदान चालू होतं, म्हणजे नावाला टपाली, सगळं ऑनलाइन. एका संचालकाच्या फेरनेमणुकीचा ठराव. गुरुजींचे चाळीस शेअर. ठराव मी वाचून दाखवला, त्यांनी दोनदा ऐकला, संचालकाचं वय विचारलं, आणि म्हणाले, विरोधात.

लॉगिनचं पान उघडलं. खाते क्रमांक घातला. ओटीपी पाठवला.

गुरुजींनी शर्टाच्या खिशातून मोबाईल काढून टेबलावर सरळ ठेवला, पेपर तपासायला बसावं तसे बसले. एक मिनिट. दोन मिनिटं. मी खात्यावरचा मोबाईल नंबर पाहिला, शेवटचे चार आकडे विचारले. ते त्यांचे नव्हते. थोरल्याचे होते, पुण्याचे. फोन लावला तर तो मीटिंगमध्ये, उचलेना.

‘‘म्हणजे चावी त्याच्याकडं,’’ गुरुजी म्हणाले.

मी ड्रॉवरमधून मोबाईल नंबर बदलायचा फॉर्म काढला. मुलीला दोन चहा सांगितले.