टर्बो सी सोडून जीसीसीकडे

डिप्लोमाला आम्ही सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो ते लॅबमधल्या निळ्या पडद्यावर, टर्बो सी या जुन्या कम्पायलरमध्ये (कम्पायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा). त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स टाकल्यावर मी आधी शोधला तो निळा पडदाच. मामेभाऊ फोनवर हसला. म्हणाला, "दादा, टर्मिनल उघड. 'सुडो एप्ट अपडेट', मग 'सुडो एप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. जीसीसी म्हणजे लिनक्सवरचा सीचा कम्पायलर, मेक, हेडर फाइली, सगळं एकदम येईल."

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, साध्या चांदण्यासुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला. पण ते तसंच असतं. आंधळेपणाने टाइप करून एंटर दाबायचं. मग 'वेटिंग फॉर कॅश लॉक' म्हणून गाडी अडली. उबुंटू मागच्या मागे स्वतःचे अपडेट टाकत होतं आणि एका वेळी एकालाच हात घालता येतो. लॉकची फाइल उडवायचा मोह झाला होता, पण चहा करून आलो तोवर काम पुढे सरकलं होतं. 'जीसीसी --व्हर्जन' विचारलं, ११.४.० आलं.

इन्स्टॉल तेवढ्यात संपलं. खरी मजा पुढे.

प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीवर दणका: 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही. ती फाइल डॉसच्या कम्पायलरांची, सीच्या स्टँडर्डमधली नव्हेच. क्लियरस्क्रीन, गेटसीएच ही तिच्यातली फंक्शनं सगळी काढली. गंमत म्हणजे टर्बो सी आणि जीसीसी दोघंही १९८७ चे. त्यातला टर्बो सी पुढे गोठला आणि आम्ही त्याच्यासोबत.

प्रोग्रॅमला नाव दिलं 'टेस्ट'. कम्पाइल झाला, चालवला, काहीच छापलं नाही. एररही नाही. अर्धा तास प्रिंटएफ, म्हणजे छापायची ओळ, तपासत बसलो. शेवटी कळलं, 'टेस्ट' नावाची कमांड शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधीपासूनच आहे आणि मी तीच चालवत होतो! आपला प्रोग्रॅम हवा तर नावाआधी डॉट-स्लॅश लावायचा, कारण लिनक्सचा शेल चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही. आता 'टेस्ट' हे नाव मी कशालाच देत नाही.

मग वर्गसमीकरणाची मुळं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टु एसक्यूआरटी', म्हणजे वर्गमूळ काढणारं फंक्शनच सापडेना. 'मॅथ डॉट एच' तर लिहिलं होतं! हेडरमध्ये फक्त फंक्शनची ओळख असते, खरं फंक्शन गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत. ती जोडायला '-एलएम' लागतं. मी ते फाइलच्या नावाआधी लिहिलं, तरी तोच एरर. प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून ते नावानंतर हवं. शेवटी टाकलं, समीकरणाचे सहगुणक १, -५, ६ दिले. ३ आणि २!

फोटो मामेभावाला पाठवला. त्याचं उत्तर: "१, १, १ टाकून बघ." टाकले. दोन्ही मुळांच्या जागी 'नॅन', म्हणजे 'नॉट अ नंबर'.