काढायला शिकवतात का?

"ताई, नेल टेक्निशियनचा कोर्स करायचाय, कुठला करू?"

रिफिलला, म्हणजे वाढलेल्या नखांवर जेल भरून घ्यायला आलेली क्लायंट विचारते. लेकीच्या शाळेच्या गेटपाशी उभ्या असलेल्या आया विचारतात. कोथरूडच्या ज्या दुकानातून मी अ‍ॅसिटोनचे कॅन घेते, तिथला पोऱ्यासुद्धा बहिणीसाठी विचारून झाला. प्रत्येकाला हवं असतं एक नाव आणि एक फोन नंबर, आणि मी नाव सांगत नाही. त्यामुळे माझ्याबद्दल दोन मतं तयार झालीत. एक, हिला शिष्टपणा आलाय. दोन, आपली गिऱ्हाइकं जातील म्हणून ही सांगत नाही. दुसरं मत माझ्या सख्ख्या जावेचं आहे. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते.

फी किती, किट मिळतं का, प्लेसमेंट देतात का, हे तुम्ही सगळ्यांनी माझ्याआधीच विचारून ठेवलेलं असतं. त्यात मी वेळ घालवत नाही. किटबद्दल एवढंच, की 'फ्री' किटमधला जेल घट्ट करायचा लॅम्प माझ्याकडे अजून माळ्यावर आहे. त्यात आता वटवाघळं राहत असतील.

सर्टिफिकेटचं मात्र सांगते, कारण त्याच्यावर सगळ्या भाळतात. आपल्याकडे नखांचं काम करायला सरकारी लायसन्स लागत नाही. कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टच्या लायसन्ससाठी ४०० तासांचं शिक्षण मागतात, इथे तुम्ही आज संध्याकाळी पाटी लावलीत तरी कुणी अडवणार नाही. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची पात्रता आहे, सिडेस्को आणि सिबटॅक अशा सौंदर्यशिक्षणाच्या परदेशी संस्थांची नावं आहेत, त्यांना किंमत आहे. पण सोनेरी बॉर्डरच्या कागदावर नुसतं 'इंटरनॅशनल' छापलं म्हणून तो कागद आंतरराष्ट्रीय होत नाही. मी डीटीपी ऑपरेटर होते. तसला कागद अर्ध्या तासात मीही बनवून दिला असता, आणि बॉर्डर जास्त बरी निवडली असती.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसमध्ये मी नऊ वर्षं लग्नपत्रिका लावल्या. कोर्स केला २०१९ च्या पितृपंधरवड्यात, कारण तेव्हा पत्रिकांचं काम बंद असतं आणि मालक सुट्टी देतात. पाच दिवस मिळाले, म्हणून पाच दिवसांचा कोर्स निवडला. अठ्ठावीस हजार फी, निम्मी भिशीची आणि निम्मी नवऱ्याची. सासूबाई म्हणाल्या, पंधरवड्यात नवं काही सुरू करू नये. मी हसले होते. त्यांनी पुढे कधी "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही, हे त्यांच्याबद्दल नमूद करते.

अकरा मुली, दोन लॅम्प. नखाची रचना पहिल्या दिवशी एका स्लाइडवर उरकली. पुढचे तीन दिवस रबरी हातावर चिकटवायच्या टिप्स, नख लांबवायचे साचे म्हणजे फॉर्म, आणि लॅम्पखाली कडक होणारं हार्ड जेल. रबरी हाताला घाम येत नाही, क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी नसते, आणि तो "आई गं" म्हणत नाही. खरा हात मिळाला तो शेजारणीचा, दोन बोटं. तिला माझी दोन बोटं. पाचव्या दिवशी थोडं नेल आर्ट आणि सर्टिफिकेट हातात घेऊन फोटो. माझा फोटो चांगला आला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशीच्या धाकटीचं लग्न होतं. नखं मीच करणार असं मी आपण होऊन जाहीर केलं होतं. पैसे घेणार नव्हतेच, आहेर समजा म्हटलं. लग्नाच्या तीन दिवस आधी बिबवेवाडीला मावशीच्या घरी बसले. दहा बोटांना साडेपाच तास लागले. मध्ये दोनदा चहा झाला, एकदा पोहे. नखाचा वरचा तेलकट थर काढायला ड्रिल फिरवलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, गरम लागतंय." मी म्हटलं, "होतं तसं." लॅम्पमध्ये जेल घट्ट होताना गरम लागतं, हे आम्हाला सांगितलं होतं. ड्रिलची उष्णता वेगळी, बिट एकाच जागी रेंगाळली की नख भाजतं, हे मला माहीत नव्हतं. मुळाशी लाल अर्धगोल उठलेले मी पाहिले होते. त्यावर दुधाळ गुलाबी जेल छान बसलं आणि ते झाकले गेले.

हळदीच्या दिवशी रात्री दहाला मावशीचा फोन. नखं पिवळी पडली होती, ते एक वेळ चाललं असतं. पण दोन्ही अंगठ्यांचं आणि आणखी दोन बोटांचं जेल मुळाशी सुटलं होतं, त्यात केस अडकत होते आणि हात धुतला की आत पाणी जात होतं. "काढून टाक बाई सगळं, साधी नेलपॉलिश लाव," मावशी म्हणाली. चिडली नव्हती. उलट मलाच धीर देत होती.

मी अ‍ॅक्टिव्हावर अ‍ॅसिटोनची बाटली घेऊन गेले. कापूस भिजवला, बोटांवर ठेवला, वर फॉइल गुंडाळलं. जेल पॉलिश असं काढतात ते मी व्हिडिओत पाहिलेलं. पंधरा मिनिटांनी उघडलं, काही नाही. परत गुंडाळलं. अर्धा तास. पाऊण तास. नवरी पलंगावर दोन्ही हात पुढे करून बसलेली, चांदीची टोपणं घातल्यासारखी बोटं, शेजारी तिच्या मैत्रिणी हळूहळू गप्प होत गेलेल्या. हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतच नाही. ते फाइलने किंवा ड्रिलने उतरवावं लागतं, आणि तेही खाली पातळ थर ठेवून. रात्रभर भिजवलं असतं तरी ते तसंच राहिलं असतं.

अकरा वाजता क्लासच्या मॅडमना फोन केला. उचलला नाही, आणि त्या वेळी उचलायचं कारणही नव्हतं. मग मी क्युटिकल मागे सारायचा पुशर घेतला आणि अंगठ्याचं सुटलेलं टोक उचकटलं.

आवाज पापड मोडल्यासारखा येतो. जेल निघालं, पण एकटं निघालं नाही, नखाचे थर घेऊन निघालं. उरलं ते पांढरं, चुरा सुटणारं, आणि मध्ये एका जागी ओलं गुलाबी. ती ओरडली नाही. पाय आखडून घेतले फक्त. आणि मी थांबले का? नाही. मला वाटलं नीट धरलं गेलं नसेल, म्हणून दुसरा अंगठा घेतला. मग तर्जनी, मग मधलं बोट. चार झाल्यावर मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सहा लांब पिवळट नखं आणि चार आखूड, त्वचेच्या रंगाच्या पट्ट्या लावलेली बोटं घेऊन बोहल्यावर चढली. कन्यादानाला हातावर पाणी सोडलं तेव्हा तिने हात मागे घेतला. गुरुजींना वाटलं मुलीला भरून आलं. त्यांनी मंत्र थोडा थांबवला.

मॅडमचा मेसेज त्याच दुपारी आला, मी पंगतीत वाढत होते तेव्हा. "रिमूव्हल अ‍ॅडव्हान्स्ड कोर्समध्ये येतं, डिअर." सोबत अ‍ॅडव्हान्स्डचा फी चार्ट.

दोन आठवड्यांनी नवरीने अनामिकेचा फोटो पाठवला. नख हिरवं, काईसारखं. खाली दोनच शब्द, "हे काय?" मी लिहिलं, "फंगस असेल, जाईल." ते फंगसही नसतं. सुटलेल्या जेलखाली ओल राहिली की स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचा तो रंग. म्हणजे चूक झाल्यावर दिलेलं उत्तरही चूक. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, मुळापासून पूर्ण नवं यायला सहाएक महिने जातात. तिचे अंगठे लॉकडाउनमध्ये भरून आले. मे महिन्यापर्यंत तिने फोटो पाठवले, मग थांबवले.

आता माझी बाजू. पाच दिवसांत कुणाला काय येणार, अक्कल नव्हती का, असं मीच मला वर्षानुवर्षं विचारलं. त्यावर तेव्हाची मी उत्तर देते: मला पाचच दिवस होते. तीन महिन्यांचा कोर्स कॅम्पात होता, रोज अकरा ते पाच. प्रेस सोडून, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवून जायचं होतं? आणि काय विचारायला हवं होतं, हे विचारायला तरी मला कुठे माहीत होतं? 'काढायला शिकवता का' हा प्रश्न नखं लावायला निघालेल्या बाईच्या डोक्यात येईलच कसा? हे मला पटतं. मग तो पलंग आठवतो आणि पटत नाही. माहीत नव्हतं हे ठीक. पण माहीत नाही हे मला अकरा वाजता कळलं होतं आणि मी बारापर्यंत उचकटत होते. ते कुठल्या क्लासचं पाप?

२०२२ मध्ये दुसरा कोर्स केला. दर रविवारी, चार महिने, सत्तर हजार. तिथे पहिले तीन रविवार फक्त काढायला लावलं. बाहेरून कुणाकुणाची लावलेली नखं घेऊन बायका यायच्या आणि आम्ही ती उतरवायचो: हे विरघळणारं की न विरघळणारं, कुठे थांबायचं, खालचं नख कसं ओळखायचं. आणि आपण केलेल्या मॉडेलला तीन आठवड्यांनी परत बोलवायची सक्ती होती. ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं हो. तीन आठवड्यांनी आलेला हात बघताना पोटात गोळा यायचा. माझ्या पहिल्या मॉडेलची सात नखं सुटली होती. सरांनी कुठे सुटली तेवढं बोटाने दाखवलं आणि विचारलं, "इथे क्युटिकल राहिलं होतं की जेल कातडीवर सांडलं होतं?" मला सांगता येईना. चौथ्या मॉडेलला सांगता आलं.

मग त्याच क्लासचं नाव का सांगत नाही? कारण तिथे आम्ही चारही महिने हातमोजे घातले नाहीत. सरांनीच घातले नव्हते. कच्चं जेल बोटाने पुसायचो. गेल्या वर्षी माझ्या उजव्या तर्जनीच्या कडेला खाज सुरू झाली, मग बारीक पुरळ, मग भेगा. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली: हेमा, म्हणजे जेलमधलं मेथाक्रिलेट. ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की जन्माची. दातात भरायच्या मटेरियलमध्येही याच घराण्यातली रसायनं असतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायला सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, काम बदला. मी हो म्हटलं आणि खाली येऊन नायट्राइलच्या मोज्यांचा खोका घेतला. तेही जेल लागलं की लगेच बदलावे लागतात, मेथाक्रिलेट पातळ मोज्यातून काही मिनिटांत झिरपतं. तरी सोडलं नाही. दुकानाचं डिपॉझिट अडकलंय हे एक कारण. दुसरं म्हणजे मला हे काम आवडतं. कडेची रेघ सरळ आली की अजून आवडतं. ही कारणं पुरेशी आहेत का, मला विचारू नका.

तेव्हा नाव मागू नका, पण क्लास बघायला जाल तेव्हा फी चार्ट बाजूला ठेवून शिकवणाऱ्याचे हात बघा. मोजे आहेत का, बोटांच्या कडा फाटल्यात का. खरे हात किती मिळणार, ते आकड्यात विचारा. बाटलीत काय आहे ते विचारा. युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या जेलमधल्या टीपीओवर, म्हणजे जेल लॅम्पखाली घट्ट व्हायला घालतात त्या रसायनावर, बंदी आली, हे नाव शिकवणाऱ्याने निदान ऐकलेलं असावं. आणि काढायला कितव्या दिवशी शिकवणार, हे विचारा. 'अ‍ॅडव्हान्स्डला' असं उत्तर आलं तर चप्पल घाला.

हे सगळं मला फोनवर धड सांगता येत नाही, हे गेल्या महिन्यात कळलं. मावशीच्या धाकटीचा फोन आला. आमचं बोलणं आहे, दिवाळीला भेटतो, पण नखांचा विषय आम्ही दोघी टाळतो. हात ती पदराखालीच ठेवते, की मलाच तसं दिसतं, कोण जाणे. म्हणाली, "ताई, नणंदेला तुझ्यासारखा कोर्स करायचाय. कुठला सांगू?"

मी म्हटलं, "तिला सांग, निदान तीन-चार महिने लागतील."

"अगं, बँकेत आहे ती," ती म्हणाली. "मोठ्या मुश्किलीने आठवडाभर सुट्टी मिळतेय."